सही खरी, मजकुराचं काय?

परदेशात राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांत एक जाड फाइल असते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी, जन्माचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला, जुन्या पासपोर्टच्या प्रती. त्यातल्या एखाद्या कागदाच्या पाठीमागे एक चौकोनी स्टिकर असतो. तो मिळवण्यासाठी तुम्ही स्वतः, किंवा तुमच्या वतीने वडिलांनी, भावाने, नाहीतर एखाद्या एजंटने खेपा घातलेल्या असतात. त्याला अपोस्टिल म्हणतात हे आपल्याला पाठ असतं. पण तो तुम्ही कधी वाचला आहे का?

आपण कवितेची समीक्षा करतो, नाटकाची करतो, निवडणुकीच्या जाहीरनाम्याचीही करतो. या स्टिकरची कोणी करत नाही. खरं तर परदेशातल्या आपल्या आयुष्यावर एवढा परिणाम करणारा दुसरा मजकूर क्वचितच असेल. म्हणून या लेखात मी तो ओळीओळीने वाचणार आहे. तो काय म्हणतो, काय म्हणत नाही, आणि न म्हटलेलं आपण त्याच्या तोंडी कसं घालतो, हे पाहायचं आहे.

५ ऑक्टोबर १९६१च्या हेग करारात या प्रमाणपत्राचा नमुना दिलेला आहे. आकार चौकोनी, बाजू किमान नऊ सेंटीमीटर. वरचं शीर्षक फ्रेंचमध्येच असलं पाहिजे, देश कोणताही असो. खाली क्रमांक घातलेल्या दहा नोंदी. पहिली: देश. मग ‘या सार्वजनिक दस्तऐवजावर’ दुसरी, कोणी सही केली. तिसरी, कोणत्या पदावरून केली. चौथी, शिक्का कोणाचा आहे. त्यानंतर ‘प्रमाणित’ या शब्दाखाली ठिकाण, तारीख, कोणाकडून, क्रमांक, शिक्का आणि सही. झालं.

एवढंच वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की करारातल्या नमुन्यात तुमच्या नावासाठी ओळच नाही. काही देश मोकळ्या जागेत कागद कोणाचा आणि कसला हे छापतात, पण ते या दहा नोंदींच्या बाहेरचं. दहा नोंदींना तुमच्याशी कर्तव्य नाही. तुम्ही एम.एस्सी. झालात की नाही, तुमचा जन्म साताऱ्यात झाला की सोलापुरात, तुमचं लग्न झालंय का, यातलं काहीही त्या विचारत नाहीत. त्यांचा विषय एकच आहे: कागदाखाली ज्या साहेबांची सही आहे ती त्यांचीच आहे, ते त्या पदावर होते, आणि शिक्का त्या कार्यालयाचा आहे. करारातही हेच स्पष्ट लिहिलेलं आहे. ब्रिटनसह कित्येक देशांच्या अपोस्टिलवर तर खाली बारीक अक्षरांत सूचनाच असते की मूळ कागदातल्या मजकुराची खात्री हे प्रमाणपत्र देत नाही.

म्हणजे अपोस्टिल खोटं बोलत नाही. फार थोडं बोलतं. गडबड वाचणाऱ्यांची आहे, आणि त्या वाचणाऱ्यांत आपणही आलो.

या गडबडीत आपल्या भाषेचाही हात आहे. अटेस्टेशनला सरकारी मराठीत ‘साक्षांकन’ म्हणतात. साक्ष म्हटलं की आपल्याला वाटतं, कोणीतरी पाहिलं आहे आणि ते सांगतंय. ट्रू कॉपीला आपण ‘सत्यप्रत’ म्हणतो. त्यातलं सत्य फक्त झेरॉक्स मुळाबरहुकूम असल्यापुरतं असतं, पण शब्द मात्र थेट सत्याला हात घालतो. ‘कागद लीगल करून घेतले’ असं आपण म्हणतो, जणू तोवर ते बेकायदा होते. गंमत म्हणजे अपोस्टिल हा मूळ फ्रेंच शब्द यापेक्षा किती तरी नम्र आहे. त्याचा अर्थ समासात लिहिलेली टीप. आपल्या कचेऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर ‘शेरा’. कागदावर शेरा मारला, पुढे पाठवला. शेरा म्हणजे निकाल नव्हे.

आणखी एक शब्द इथे उपयोगी पडतो: शिक्कामोर्तब. आज आपण तो ‘अंतिम मान्यता’ या अर्थाने वापरतो, पण मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात त्या दोन वेगळ्या मुद्रा होत्या. शिक्का पत्राच्या वरच्या बाजूला, पत्र कोणाच्या अधिकाराचं ते सांगणारा. मोर्तब शेवटी, मजकूर इथे संपला हे सांगणारी, म्हणजे तिच्याखाली कोणी आपल्या पदरच्या चार ओळी घुसडू नयेत. एक मुद्रा अधिकाराची राखण करत होती, दुसरी मजकुराची. अपोस्टिलमध्ये फक्त पहिली आहे. शिक्का आहे, मोर्तब नाही. परदेशातला कारकून, तिथलं विद्यापीठ, तिथला मालक त्याकडे पाहताना मात्र दोन्ही आहेत असं धरून चालतो.

तरीही या कराराचं श्रेय नाकारून चालणार नाही. त्यापूर्वीची पद्धत साखळीची होती. तुमच्या कागदावरची सही एका कार्यालयाने ओळखायची, त्या कार्यालयाची सही वरच्याने, वरच्याची परराष्ट्र खात्याने, आणि परराष्ट्र खात्याची त्या त्या देशाच्या वकिलातीने. मग कागद परदेशात पोचला की तिथलं परराष्ट्र खातं आपल्याच वकिलातीची सही ओळखणार. प्रत्येक जण आपल्या आधीच्या माणसाला ओळखतो आणि मूळ मजकुराकडे कोणीच पाहत नाही, असा हा प्रकार. कराराने त्यातल्या शेवटच्या कड्या काढल्या. मूळ देशाने एकदा शेरा मारला की वकिलातीत जायचं कारण नाही. आज १२०हून जास्त देश या करारात आहेत. भारतासाठी तो १४ जुलै २००५पासून लागू झाला. मॉरिशस १९६८पासून, इस्रायल १९७८पासून, अमेरिका १९८१पासून त्यात आहेत. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२मध्ये आला, कॅनडा तर जानेवारी २०२४मध्ये. तुमच्यापैकी जे कॅनडात आधी गेले आणि ज्यांची धाकटी भावंडं आता जात आहेत, त्यांना घरातल्या घरात हा फरक दिसला असेल.

संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत करारात नाहीत. दुबईला नोकरीसाठी पदवी मान्य करून घ्यायची तर आजही जुनी साखळी चालते: राज्य सरकारचा ठरलेला विभाग, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात, आणि तिथे पोचल्यावर तिथलं परराष्ट्र मंत्रालय. परराष्ट्र मंत्रालय व्यक्तीकडून थेट कागद घेत नाही. नेमून दिलेल्या संस्थांमार्फत द्यावे लागतात. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे. एजंटला दिलेली रक्कम आठवा आणि त्या ५० रुपयांशी ताडून पाहा. मधला फरक खेपांचा आहे, माहिती नसण्याचा आहे आणि घाईचा आहे. नोकरीचं पत्र हातात असतं, रुजू व्हायची तारीख ठरलेली असते. अशा वेळी भाव कोण करणार?

आता मुख्य आक्षेपाकडे येते. सही तपासणारी ही व्यवस्था खोटा मजकूर सहज आत सोडते आणि खऱ्या माणसाला दारात अडवते. दोन्ही बाजू पाहू.

आधी खोट्याचा प्रवेश. नोटरीसमोर झेरॉक्स नेली, त्याने ‘मुळाबरहुकूम’ म्हणून सही केली, आणि त्या सहीवर अपोस्टिल लागलं, तर प्रमाणित काय झालं? नोटरीची सही. मूळ पदवी कोणत्या छापखान्यात तयार झाली याच्याशी त्याचा संबंध नाही. पदव्या विकणाऱ्या दुकानांनी ही फट फार पूर्वीच हेरली. मे २०१५मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कराचीतल्या एका कंपनीबद्दल सविस्तर बातमी छापली होती. अस्तित्वातच नसलेल्या अमेरिकी विद्यापीठांच्या पदव्या ती विकत असे, आणि आखातातल्या गिऱ्हाइकांना सोबत अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रमाणपत्रंही पुरवत असे. त्यांवर तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांचं नाव होतं. कागदाचा डामडौल पाहून कोणाला शंका यावी?

दुसरा नमुना आपल्याच देशातला. २०२०मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका खासगी विद्यापीठावर हजारो पदव्या विकल्याचा आरोप झाला आणि पोलीस तपास सुरू झाला. इथे तर विद्यापीठ खरं, मान्यता खरी. अशा ठिकाणी अधिकाऱ्याने स्वतःच विकलेल्या पदवीवर सही केली, तर तीही खरीच. सही ओळखणारी यंत्रणा तिला काय करणार? ती नियमानुसार शेरा मारेल आणि तिची काहीही चूक नसेल. ज्या व्यवस्थेत प्रत्येक जण नियमाने वागूनही खोटं पुढे सरकू शकतं, तिच्यात दोष माणसांचा नसून प्रश्नाचा असतो. तिथे चुकीचा प्रश्न विचारला जातोय.

आता खऱ्याची अडवणूक. ती बहुतेक वेळा नावावरून होते, आणि या बाबतीत आपण महाराष्ट्रीय जरा जास्तच अडकतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि बऱ्याचदा वेगळ्या रकान्यात आईचं. पासपोर्टवर नाव आणि आडनाव असे दोनच रकाने, त्यात वडिलांचं नाव कधी आत, कधी बाहेर. जन्मदाखल्यावर कधी बाळाचं नावच नसतं, कारण बारसं नंतर झालं आणि नोंद करायची राहिली. देवनागरी दाखल्याचं भाषांतर करणारा ‘क्षीरसागर’ एका प्रकारे लिहितो आणि शाळेने ते दुसऱ्या प्रकारे लिहिलेलं असतं. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने नवा क्रम ठरवला आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. निर्णय स्वागतार्हच आहे. आईचं नाव कागदावर यायला फारच उशीर झाला होता. पण परदेशातल्या अर्जाचे दोनच रकाने या चार शब्दांचं काय करतील, हा प्रश्न वीसेक वर्षांनी ही मुलं आपल्यासारख्या फायली घेऊन निघतील तेव्हा पुन्हा उभा राहणार आहे.

सगळ्यांत जास्त किंमत मोजतात त्या लग्नात नाव बदललेल्या बायका. आडनाव बदललं, मधलं नाव वडिलांऐवजी नवऱ्याचं आलं, काही घरांत तर पाटावर बसवून स्वतःचं नावही बदललं. पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या. मग दोन नावांची बाई एकच आहे हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली जाहिरात, प्रतिज्ञापत्र, आणि त्या प्रत्येकावर पुन्हा अपोस्टिल. तिच्या पदवीत खोट नाही, सहीत खोट नाही. साखळीतली प्रत्येक सही अस्सल आहे. तरीही ती खिडकीपाशी अडते. कारण ‘ही तीच का?’ या प्रश्नाचं उत्तर त्या दहा नोंदींत कुठेच नसतं. नवऱ्याच्या फाइलमध्ये चार कागद असतात तेव्हा तिच्या फाइलमध्ये नऊ असतात. लग्नाच्या हौसेची ही पावती तिला पंधरा वर्षांनी, परक्या देशातल्या खिडकीवर मिळते. आणि ती फाइल नीट लावून ठेवण्याचं कामही बहुतेक घरांत तीच करते.

आता विश्वासाच्या राजकारणाबद्दल. करारात एक कलम असं आहे की नव्याने सामील होणाऱ्या देशाबद्दल जुना सदस्य आक्षेप घेऊ शकतो. मग त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. भारताच्या प्रवेशाला पाच युरोपीय देशांनी आक्षेप घेतला: जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स, स्पेन आणि फिनलंड. २००८-०९पर्यंत चौघांनी तो मागे घेतला. जर्मनीने घेतला नाही.

मी जर्मनीत पोस्टडॉक करते, त्यामुळे या वाक्याचा अर्थ मला रोज दिसतो. भारतीय कागदावरचं अपोस्टिल इथे कायद्याने निरुपयोगी आहे. मग वकिलातीतून लिगलायझेशन करावं, तर भारतातल्या जर्मन वकिलातींनी तेही कधीच थांबवलं आहे. उरतो तिसरा मार्ग. इथल्या कार्यालयाला गरज वाटली तर ते वकिलातीला विनंती करतं, वकिलात भारतात एखादा वकील नेमते, तो तुमच्या गावच्या नोंदणी कार्यालयात जाऊन मूळ रजिस्टर पाहतो आणि अहवाल पाठवतो. खर्च तुमचा. महिनोन्‌महिने जाऊ शकतात.

पदवीच्या बाबतीत हे सहसा जाणवत नाही, कारण त्यासाठी जर्मनीने वेगळी सोय केली आहे: परदेशी विद्यापीठांची अनाबिन ही सार्वजनिक यादी. तुमचं विद्यापीठ त्यात आहे का, कोणत्या दर्जाने आहे, हे कोणीही पाहू शकतं. जाणवतं ते घरात पाळणा हलला की. बाळाची नोंद करायला श्टांडेसआम्टला आईवडिलांचे जन्माचे आणि विवाहाचे दाखले लागतात, शपथबद्ध भाषांतरासह. त्यांची खात्री पटली नाही तर जर्मन नियमानुसार नोंदीत शेरा येतो की आई किंवा वडिलांची ओळख सिद्ध झालेली नाही, आणि तो शेरा निघेपर्यंत जन्मदाखल्याऐवजी नोंदवहीचा प्रमाणित उतारा मिळतो. त्या उताऱ्यावर बहुतेक कामं होतात, हे खरं. पण विचार करा. पासपोर्ट आहे, व्हिसा आहे, नोकरी आहे, दरमहा कर कापला जातो. तरीही ज्या पहिल्या कागदावर तुमच्या मुलाचं नाव लिहिलं जातं, त्यावर तुमच्याबद्दल लिहिलेलं असतं: ओळख सिद्ध नाही.

याच शहरात माझी स्पेनची सहकारी आहे. तिला यातलं काही माहीतही नाही. युरोपीय संघातल्या देशांनी फेब्रुवारी २०१९पासून जन्म, विवाह, मृत्यू यांसारख्या दाखल्यांसाठी आपसांत अपोस्टिलच रद्द केलं आहे, आणि भाषांतर टाळता यावं म्हणून बहुभाषिक नमुने काढले आहेत. म्हणजे विश्वास ठेवायचा म्हटलं की कागदाचा प्रश्न तांत्रिक राहत नाही, सुटतो.

इथे न्यायानं दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जर्मनीचा अविश्वास हवेतून आलेला नाही. आपल्याकडे जन्माची नोंद अनेक वर्षांनी, अर्जावरून करता येते. कार्यालयागणिक दाखल्याचं स्वरूप वेगळं. जुनी रजिस्टरं कुठे पुरात गेली, कुठे वाळवीने खाल्ली. १९७०च्या आधी जन्मलेल्यांकडे अमेरिकी व्हिसा अधिकारीही नोंद नसल्याचा दाखला आणि दुय्यम पुरावे चालवून घेतात. आपल्या आईवडिलांच्या ग्रीन कार्डासाठी ज्यांनी धावपळ केली त्यांना हे ठाऊक आहे. रजिस्टर पाहायला माणूस पाठवणं ही जर्मनीची पद्धत महाग आहे, संथ आहे, अपमानकारक वाटते. पण मी तिला मूर्खपणाची म्हणणार नाही, कारण ती निदान योग्य प्रश्न विचारते: रजिस्टरमध्ये काय लिहिलंय? माझा आक्षेप वेगळा आहे. उत्तर शोधण्याचा सगळा खर्च आणि सगळा वेळ तिने ज्याच्यावर संशय आहे त्याच्या माथी मारला आहे.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हाच हिशेब उघड दिसतो. १ नोव्हेंबर २०२२पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस नावाच्या केंद्राकडून आपली प्रमाणपत्रं तपासून घ्यावी लागतात. काही शिष्यवृत्तीधारक त्यातून वगळलेले आहेत. फी १८,००० रुपये. तिथे प्रमाणपत्रं खरी आहेत का आणि त्यांच्या आधारे जर्मन विद्यापीठात प्रवेश मिळू शकतो का, हे तपासतात. ५० रुपयांचा शेरा आणि १८,००० रुपयांची तपासणी यांतलं अंतर म्हणजे ‘सही खरी आहे’ आणि ‘मजकूर खरा आहे’ या दोन वाक्यांमधलं अंतर. ते भरून काढतो नांदेडचा किंवा जळगावचा विद्यार्थी, ज्याला अजून प्रवेशही मिळालेला नाही.

मग उपाय काय? माझं म्हणणं साधं आहे. ज्याने कागद दिला त्यालाच विचारा. विद्यापीठाने पदवी दिली असेल तर ती दिली की नाही हे विद्यापीठाइतकं कोणालाच माहीत नाही. डॉक्टर आणि परिचारिकांच्या परवान्यासाठी आखातात आणि अमेरिकेत हेच होतं. मूळ संस्थेकडून थेट पडताळणी मागवली जाते. अमेरिकेतली विद्यापीठं पूर्वीपासून सीलबंद पाकिटातली ट्रान्सक्रिप्ट मागत आली, त्यामागे हाच विचार होता. पाकिटावरचं सील ही खरी मोर्तब. आज पाकिटाचीही गरज नाही. डिजिलॉकर २०१५पासून आहे, शैक्षणिक कागदांचं राष्ट्रीय भांडार आहे, परराष्ट्र मंत्रालयाची ई-सनद आहे. हेगच्या संस्थेने इलेक्ट्रॉनिक अपोस्टिलचा कार्यक्रम २००६मध्येच सुरू केला. आणि मूळ करारातही दिलेल्या प्रत्येक अपोस्टिलची नोंदवही ठेवण्याची, विचारणाऱ्याला ती ताडून देण्याची सक्ती आहे. म्हणजे स्टिकरपेक्षा नोंदवही महत्त्वाची, हे १९६१मध्येही माहीत होतं. पण स्टिकर डोळ्यांना दिसतो, त्याला हात लावता येतो, म्हणून सगळे तोच मागतात.

आणखी एक विसंगती. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्यांतर्गत बहुतेक कामांसाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीची सत्यप्रत आणि स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र मागणं बंद केलं. नागरिकाने स्वतःच सही करून प्रत द्यावी, खोटं निघालं तर कारवाई होईल, असं ठरवलं. तुमच्या-माझ्या पिढीने गावातल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या दारात गुणपत्रिकांच्या झेरॉक्स घेऊन तासन्‌तास काढले आहेत, त्यामुळे या निर्णयाचं मोल आपल्याला कळतं. राज्याने तेव्हा मान्य केलं की दुसऱ्याच्या सहीने कागद खरा होत नाही. हीच समज सरहद्द ओलांडताना गळून पडते. तिथे राज्य पुन्हा एकावर एक सह्यांचे थर चढवतं, कारण समोरचा देश तेच मागतो. आणि समोरचा देश तेच मागतो, कारण त्याला रजिस्टरपर्यंत पोचण्याचा दुसरा सोपा रस्ता आपण दिलेला नाही.

हा रस्ता दोन्ही बाजूंनी बंद आहे, हेही लक्षात घ्या. पुण्यातला फ्लॅट विकायला अमेरिकेतून मुखत्यारपत्र पाठवायचं तर तिथे नोटरी, मग त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं अपोस्टिल, आणि भारतात कागद पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क. एवढं करूनही इकडच्या एखाद्या कार्यालयात ‘वकिलातीचा शिक्का कुठाय?’ असं विचारणारे भेटतात. करार भारताने २००५मध्ये स्वीकारला, खिडकीपलीकडच्या माणसापर्यंत तो अजून पोचायचा आहे. म्हणजे परक्या कागदावर अविश्वास दाखवण्याचा मक्ता एकट्या जर्मनीकडे नाही.

हे सगळं बदलेपर्यंत काय करायचं? समीक्षेने वाचकाला थोडं तरी सावध करावं, म्हणून चार गोष्टी. अपोस्टिल करायला धावण्याआधी ज्या संस्थेला कागद द्यायचा आहे तिला ईमेलने विचारा: नेमकं काय हवं, मूळ कागदावर की प्रतीवर, भाषांतर आधी की नंतर. उत्तर लेखी ठेवा. पुष्कळदा काहीच लागत नाही असं कळतं, आणि एजंट हे सांगणार नाही. दुसरं, जन्माच्या आणि विवाहाच्या दाखल्यातली नावं, स्पेलिंग, तारखा पासपोर्टशी आत्ताच ताडून पाहा. दुरुस्ती गावात असताना एका खेपेची असते, इथून ती वर्षाची होते. तिसरं, मूळ कागद लॅमिनेट करू नका. शेरा मारायला पाठ मोकळी लागते. चौथं, घरातल्या मुलीचं लग्न ठरलं असेल आणि ती शिकायला किंवा नोकरीला बाहेर जाणार असेल, तर नाव बदलायचं का, हा प्रश्न हौसेचा म्हणून सोडून देऊ नका. तिला या फाइलचा हिशेब आधी दाखवा आणि मग तिलाच ठरवू द्या.

आणि एक गोष्ट आपल्याला एकट्याने करता येणार नाही, मंडळांना करता येईल. आपली महाराष्ट्र मंडळं गणपती बसवतात, दिवाळीअंक काढतात, आपत्तीत वर्गणी गोळा करतात. आपल्या विद्यापीठांकडे आणि राज्य सरकारकडे त्यांनी एक मागणी लावून धरावी: प्रत्येक पदवीची आणि प्रत्येक जन्म-विवाह नोंदीची परदेशातून कोणालाही, धारकाच्या संमतीने, फुकट खात्री करता आली पाहिजे. हे झालं की जर्मनीला आक्षेप मागे घ्यायला सांगताना आपल्या सरकारच्या हातात काहीतरी असेल. नाहीतर आपण एकमेकांच्या सह्या ओळखत बसू. आणि परक्या शहरात जन्मलेल्या एखाद्या मराठी बाळाच्या नोंदीवर, आईवडिलांच्या खऱ्याखुऱ्या नावांखाली, तो शेरा तसाच राहील.